दप्तर सरकारचे, पुरावा रयतेचा



ज्या शाळेत आमच्या गुरुजींनी शिकवण्यात हयात घालवली, त्या शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही आहे. तशी ती राज्यातल्या प्रत्येक जुन्या शाळेत असते. विदर्भात तिला दाखल-खारीज म्हणतात. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, शाळेत कधी आला, शाळा कधी सोडली. पुष्कळ आईबापांना जन्मतारीख सांगता यायची नाही. ‘पहिल्या पेरणीच्या वेळी झाला’ एवढेच ते सांगत. मग मास्तर १ जून घालत आणि पुढच्या मुलाकडे वळत. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी माणसांचे वाढदिवस १ जूनला येतात, ते त्यामुळे. त्या एका ओळीवर पुढे नोकरी लागली, निवृत्तीची तारीख ठरली, पेन्शन सुरू झाले, नातवंडांचे जातीचे दाखले निघाले. लिहिणाऱ्याच्या मनात यातले काहीही नव्हते. शाळेचा कारभार चालावा म्हणून त्याने वही ठेवली होती.

माझी वकिली बहुतेक वारसाच्या आणि वाटपाच्या कामांत गेली. पक्षकार येतो आणि म्हणतो, ‘साहेब, पणजोबाचं नाव सरकारात कुठंतरी असंलच की.’ बहुधा असतेच. पण ते शोधायचे तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: या माणसाविषयी लिहून ठेवण्याची गरज कोणत्या कचेरीला पडली असेल? सरकारने माणसांच्या नोंदी त्या माणसांच्या सोयीसाठी क्वचितच केल्या. सारा वसूल करायचा म्हणून शेतकरी लिहिला, साथी मोजायच्या म्हणून मयत लिहिले, भांडण निकाली काढायचे म्हणून भाऊबंद लिहिले. नोंद सरकारने केली, बस्त्यात सरकारने बांधली, खोलीची किल्लीही सरकारपाशीच आहे. आणि तीच नोंद पुरावा म्हणून लागते तेव्हा ती हुडकून आणण्याचा भार मात्र सामान्य माणसावर पडतो. हा भार फिरवला पाहिजे, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षापासून सुरुवात करू. तिथे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही असते. महसुली भाषेत ती गाव नमुना १४, लोकांच्या भाषेत ‘कोतवाल बुक’. गावात मूल झाले की कोतवालाने किंवा पोलीस पाटलाने तिच्यात ओळ भरायची. या वहीत नातू आपल्या आजोबांचे नाव शोधत बसतो आणि ते सापडत नाही, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते आणि शेजारी बापाचे नाव, जात, गाव. म्हणून शोधायचे ते आजोबांचे नाव सोडून पणजोबांचे, आणि एकच तारीख धरून न बसता मागची-पुढची दोन-चार वर्षे. कितीतरी माणसे ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत जातात. नोंद तिथेच असते, फक्त नावाशिवाय असते. अभिलेख कक्षातला जाणता कारकून हे पहिल्या मिनिटात सांगतो. असा कारकून भेटणे न भेटणे हा आज नशिबाचा भाग आहे, आणि तो तसा असता कामा नये.

जमिनीचे कागद अधिक बोलके आहेत. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला. तेव्हापासून कोण मेले, कोण वारस लागले, कोणी विकले, कोणी गहाण टाकले, हे फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये येत गेले. वारसांची वेगळी नोंदवही ६-क. जुना फेरफार वाचता येऊ लागला की एका कुटुंबाची तीन पिढ्यांची कहाणी अर्ध्या पानात उलगडते: अमुक मयत, वारस मुलगे तीन, पैकी थोरला एकुमॅ, धाकटा अज्ञान, पालन करणारी आई. अज्ञान म्हणजे अल्पवयीन, एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरे ज्याच्या नावापुढे लागली त्याचेच नाव पुढच्या उताऱ्यांवर चालत राहिले. कालांतराने अक्षरे गळाली, नाव राहिले आणि धाकटे भाऊ कागदावरून नाहीसे झाले. आपल्या जिल्हा न्यायालयांतले वाटपाचे किती दावे या गळालेल्या अक्षरांतून उभे राहिले आहेत, ते कोणत्याही दिवाणी वकिलाला विचारा.

आणि बायका? मुलींची नावे आली तर बहुधा ‘इतर हक्क’ या रकान्यात आली. लग्न झाल्यावर नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. माहेरच्या फेरफारातली एक आणि सासरच्या रेशनकार्डावरची दुसरी, या दोघी एकच, हे सिद्ध करायला सत्तरीच्या बाईला प्रतिज्ञापत्र करावे लागते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. कागद मात्र मागेच राहिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लावणे राज्याने बंधनकारक केले, याचा मला मनापासून आनंद आहे. आणखी पन्नास वर्षांनी कोणी शोध घेऊ लागेल, तेव्हा त्या मुलांच्या आया तरी कागदात सापडतील.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीविषयी थोडक्यात सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे यांची सूची कोणालाही फी भरून पाहता येते. सूची एक माणसांच्या नावांवरून, सूची दोन मिळकतीवरून. मृत्युपत्राचे तसे नाही. करणारा जिवंत असेतो त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो गेला की मागेल त्याला. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

माझे सगळ्यांत आवडते ठिकाण म्हणजे न्यायालयाचा अभिलेख कक्ष. वाटपाच्या जुन्या दाव्याचे दप्तर उघडले की अर्जाच्या सुरुवातीलाच वंशावळ असते: मूळ पुरुष, त्याला मुलगे किती, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला. ही वंशावळ घरातल्या वहीतली नसते. समोरच्या पक्षाने ती तपासलेली असते, उलटतपासणीत ताणलेली असते आणि न्यायाधीशाने निकालात तिच्यावर मत दिलेले असते. भांडलेल्या कुटुंबांचा इतिहास न भांडलेल्या कुटुंबांपेक्षा चांगला टिकतो, हे माझे अनुभवाचे मत आहे. वारस दाखल्याच्या अर्जातही असेच धन सापडते. आपल्याकडे हा दाखला आजही मुंबई सरकारच्या १८२७ सालच्या ८ व्या विनियमाखाली मिळतो. पेशवाई संपून जेमतेम नऊ वर्षे झाली होती तेव्हाचा हा कायदा, आणि तालुक्याच्या कोर्टात तो आजही चालतो.

तिथून कागद कसा मिळवायचा? नक्कल विभागात अर्ज करून. तुम्ही पक्षकार असाल तर सरळ. नसाल तर कारण सांगावे लागते. काही जण इथे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकतात आणि तो फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्याव्यात. दाव्याचा क्रमांक माहीत नसेल तर अलीकडच्या प्रकरणांसाठी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो. जुन्यासाठी मात्र दाव्यांची नोंदवहीच चाळायची.

मराठवाड्यात आणि विदर्भात दप्तराचा साचा वेगळा आहे, कारण राज्य वेगळे होते. मराठवाड्यात निजामी अमलाचे कागद उर्दूत आणि फारसीत. १९५४ चे खासरा पत्रक तिथे सगळ्या शोधाचा पाया. विदर्भात मध्य प्रांताची पद्धत आणि अधिकार अभिलेख. गोव्यात पोर्तुगीज भाषेतली नागरी नोंदणी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्म नोंदला गेलेल्यांची मुलेनातवंडे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आज तीच पुस्तके शोधतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कागद सरकारजवळ आणि सिद्ध करण्याची जबाबदारी रयतेवर, ही रीत जुनी आहे. कंपनी सरकारने १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामदारांना आपापल्या सनदा दाखवायला लावले. त्याच काळात कमिशनच्या अधिकाऱ्यांनी गावोगावची, घराण्याघराण्यांची दप्तरे गोळा करून पुण्यात आणली. पेशवे दप्तर म्हणून आपण जे ओळखतो, त्याच्या साठ्यात ही भर पडली. म्हणजे कागद ताब्यात घेणारा आणि कागद कुठे आहे असे विचारणारा, दोघे एकच. पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांनाही त्या दप्तरात शिरकाव नव्हता. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० पासून ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे त्यातला काही भाग लोकांपुढे आला.

आजचा कायदा वाचा. जातीच्या प्रमाणपत्राचा आणि पडताळणीचा आपला २००० सालचा कायदा कलम ८ मध्ये म्हणतो की दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. पुरावा कधीचा? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. खोटे दाखले निघतात, त्यांना आळा हवा, हे मला मान्य आहे. पण विचार करा, अठरा वर्षांची मुलगी, सीईटी झालेली, प्रवेशाची मुदत अंगावर आलेली. तिने कोणत्या तालुक्याच्या कोणत्या कक्षातल्या कोणत्या बस्त्यात पणजोबा आहेत हे शोधायचे. जुन्या कागदांतली मोडी लिपी तिला येत नाही, तिच्या शिक्षकांना येत नाही, बहुतेकदा त्या कक्षाच्या कारकुनालाही येत नाही.

२०२३ साली मात्र एक वेगळी गोष्ट घडली. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आधी मराठवाड्यासाठी आणि मग राज्यभरासाठी. मराठा आरक्षणाच्या वादात मी आज शिरत नाही. माझे लक्ष आहे ते शोधाच्या पद्धतीवर. या वेळी सरकार स्वतःच्या दप्तरात स्वतः उतरले. महसुली नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे, भूमी अभिलेखांची पत्रके, निबंधकाकडचे दस्त, पोलिसांच्या आणि तुरुंगांच्या नोंदवह्या, उत्पादन शुल्क खात्याचे कागद, सगळे उघडले गेले. मोडी, उर्दू आणि फारसी वाचणारे शोधून आणले गेले. लाखो नोंदी निघाल्या, स्कॅन झाल्या, गाववार याद्या प्रसिद्ध झाल्या. ज्या कक्षांतून वर्षानुवर्षे ‘जीर्ण झाले आहे, मिळत नाही’ असे उत्तर येत होते, तिथूनच कागद बाहेर आले. म्हणजे हे काम होऊ शकते. ते एकदा एका समाजासाठी करता आले, तर सगळ्यांसाठी करायला नकार देण्याचे कोणते कारण सरकारपाशी उरते?

मला सगळ्यांत आधी आठवतात ते विमुक्त समाज. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागल्यावर, या समाजांची नोंद जितकी बारकाईने झाली तितकी क्वचितच कोणाची झाली असेल. नोंदणी, बोटांचे ठसे, सोलापूरसारख्या ठिकाणच्या वसाहतींत हजेरी, बाहेर पडायला परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. ज्या माणसाची सरकारने रोज हजेरी मांडली, त्याच्या नातवाला सरकार आज विचारते, तुझे आजोबा १९६१ पूर्वी इथे राहत होते याला पुरावा काय? शेत नाही म्हणून सातबारा नाही, पाल हलते म्हणून शाळेत नाव नाही. गृहचौकशीची तरतूद आहे, पण ती अर्जदाराला माहीत नसते आणि चौकशी करणाऱ्याला वेळ नसतो. त्या वसाहतींची हजेरीपत्रके, पोलीस ठाण्यांच्या जुन्या वह्या जिथे कुठे असतील तिथून काढून, वाचून, त्यांची सूची करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्या वह्या अपमानासाठी लिहिल्या गेल्या होत्या. त्यांचा उपयोग त्याच लोकांचा हक्क शाबीत करायला झाला पाहिजे, आणि तो शोध त्यांच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर माझे बोलणे अर्धे राहील. दप्तर उघडे ठेवा म्हणताना कोणी कोणाविषयी काहीही पाहावे, असे मी म्हणत नाही. आपल्या जुन्या कायद्यांनी हा विचार शहाणपणाने केलेला आहे. मृत्युपत्राचे मघाशी सांगितले. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा पाहा: कलम १७ प्रमाणे कोणीही फी भरून नोंद शोधायला लावू शकतो आणि उतारा घेऊ शकतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचे कारण उघड करायचे नाही. माणूस गेला हे गावाला कळू द्या. तो कशाने गेला हे त्याच्या घरचे सांगतील तर सांगतील. केवढी समज आहे या एका ओळीत! याउलट १९५४ चा विशेष विवाह कायदा. लग्नाची नोटीस तीस दिवस आधी द्यायची, ती कचेरीत लावायची, आणि नोटिशींची वही कोणीही विनाशुल्क पाहायची. आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्न करणाऱ्या मुलामुलींचे पत्ते या वहीतून त्यांच्या मागावर असलेल्यांना मिळतात. हे उघडेपण मला धोकादायक वाटते आणि ती तरतूद जावी असे मी जाहीरपणे म्हणतो.

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितले, ते योग्यच झाले. पण त्याचे नाव घेऊन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये जो बदल केला, तो मला मान्य नाही. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगी आयुष्यावर अकारण आक्रमण होते, हे पाहावे लागे. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. हे सगळे गेले. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकाराला पुरेसे झाले. घरकुलाच्या यादीत कोण आहे, रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाची नावे घातली, हे गावाने पाहिले नाही तर कोण पाहणार? सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून आहे. ती प्रत्येक अर्जात आवर्जून लिहा. आणि कलम ८(३) विसरू नका. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, राष्ट्राची सुरक्षा वगैरे मोजके अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. आपण ज्या पणजोबांविषयी बोलतो आहोत त्यांना वैयक्तिक माहितीची सबब लागू पडत नाही.

राहिली ‘गहाळ’ या उत्तराची गोष्ट. महसूल कचेरीत कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’ दहा वर्षांचे, ‘क-१’ पाच वर्षांचे, ‘ड’ एका वर्षाचे. मुदत संपली की आदेश काढून, यादी करून कागद नष्ट करायचे. म्हणजे कागद एक तर असतो, नाही तर त्याच्या नाशाचा आदेश असतो. दोन्ही नसतील तर कोणीतरी जबाबदार आहे, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अशा बेकायदा विल्हेवाटीला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ‘गहाळ’ हे उत्तर तोंडी कधीही स्वीकारू नका.

माझी मागणी एवढीच आहे: नोंद नाही म्हणून दाखला नाकारणाऱ्या कचेरीने, आपण कोणत्या वह्या, कोणत्या वर्षांच्या, कोणाकडून तपासून घेतल्या, हे लेखी द्यावे. अर्जदार शोधाची दिशा सांगेल, शोध कचेरी घेईल. सरकार हे करीपर्यंत आपण गप्प बसायचे कारण नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(क) प्रत्येक कार्यालयाला आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. ती सूची मागा. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, फी दहा रुपये. अर्जात लिहायचे ते असे:

‘आपल्या अभिलेख कक्षातील अभिलेखांची कलम ४(१)(क) नुसार ठेवलेली सूची मिळावी. अमुक गावच्या जन्ममृत्यू नोंदवह्या (गाव नमुना १४) कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत उपलब्ध आहेत आणि मधली कोणती वर्षे उपलब्ध नाहीत, हे कळवावे. उपलब्ध नसलेल्या वह्या नष्ट केल्या असल्यास त्या आदेशाची प्रत द्यावी. उपलब्ध वह्यांची समक्ष पाहणी करू द्यावी.’

तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. सूची आली तर एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, एक गावच्या वाचनालयात द्या. नाही आली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे तीस दिवसांच्या आत पहिले अपील करायचे असते. अर्जाचे आणि अपिलाचे मसुदे मी बरोबर आणले आहेत. बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, ज्याला हवे त्याने न्यावेत.